दुकान उघडं आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

मी डायरी लिहिणाऱ्यांतला नाही. लग्नात आहेर आलेलं पेन अजून डबीतच आहे. पण बाईंनी बजावलं, "काका, सेटिंगमध्ये जे काही बदलाल ते तारीख घालून लिहा. नाहीतर बिघडल्यावर मागे कसे फिरणार?" बाई कॉलेजात संगणक शिकवतात, आणि त्यांचं भरतकामाचं मशीन दर वर्षी आमच्याकडे येतं. म्हणजे मी त्यांचा डॉक्टर आणि त्या माझ्या.

दुखणं असं. आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. त्याचं एक छोटंसं वेब ॲप धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, करून ठेवलंय. गिऱ्हाईक आपला नंबर घालून मशीन झालं की नाही ते बघतं. झालं की त्याला आपोआप ईमेल जातो. पानाच्या डोक्यावर दुकान उघडं की बंद ते दिसतं. सकाळी शटर वर केलं की मी एक बटण दाबतो, मग हिरव्या अक्षरांत 'दुकान उघडं आहे' येतं, आणि खाली मी सुचेल ती एक ओळ टाकतो. आजची ओळ: 'सुई वाकडी असेल तर मशीनला शिव्या देऊ नयेत.'

तर गेल्या आठवड्यापासून ईमेल जातच नाहीत. तयार मशीनं दारापर्यंत आली आहेत, मला आत शिरायला आडवं व्हावं लागतं. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "काका, याला काही लिहून ठेवायची सवयच नाही. काय झालं, कधी झालं, सगळं हवेत बोलतं. आधी लॉग फाइल लावा. मग कुठे दुखतंय ते तेच सांगेल."

आजचा बदल: काही नाही. फक्त भीती वाटली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सेटिंगची फाइल उघडली. धाकट्याने मधेमधे स्वतःच्या टिपणी लिहून ठेवल्यात. एके ठिकाणी: 'दादा, याच्या खाली हात लावू नकोस.' खाली गेलो तर: 'गेलासच ना?' एकटाच हसलो. मग हसल्याचा राग आला.

अगदी तळाशी होतं: 'लॉग फाइलचं नंतर बघू.' नंतर बघणारा हा असा निघून गेला.

त्याबद्दल इथे एकदाच लिहितो, नाहीतर हिला, म्हणजे बायकोला, वाटेल मी मनात कुढतोय. गेल्या वर्षी त्याने एका गिऱ्हाइकाच्या आईचं जुनं मशीन उघडलं होतं. हात एवढा हलत होता की पेचकस सटकला आणि शटलचा, म्हणजे खालचा दोरा फिरवणाऱ्या भागाचा, तुकडा पडला. त्याच्या आधी दोन महिने तेच चाललं होतं. स्क्रू पडतात, चहा सांडतो, लक्ष नाही. रात्रभर संगणकावर बसल्यावर दुसरं काय होणार! मी गिऱ्हाइकासमोर बोललो, "इथे तुझं काही काम नाही. घरी जा." मोठा भाऊ बोलला तर ऐकून घ्यायचं असतं. त्याने एप्रन काढला, खिळ्याला अडकवला आणि गेला. संध्याकाळपर्यंत येईल असं धरून चाललो होतो. एप्रन अजून तिथेच आहे. धुळीने करडा पडलाय, पण मी कशाला काढू?

बदल: लॉगसाठी वेगळं फोल्डर केलं. फाइलचं नाव 'दुकान'.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या होत्या, लॉगला पातळ्या असतात. सगळ्यात खालची लावली तर ते बारीकसारीक सगळं लिहितं, वरची लावली तर फक्त मोठे बिघाड. मी म्हटलं, आपल्याला सगळंच कळलं पाहिजे. लावली सगळ्यात खालची.

आज दुपारी ॲप आडवं झालं. लॉग इतका फुगला की सर्व्हरवर जागा उरली नाही. एका गिऱ्हाइकाने एक नंबर बघितला तर ह्याने त्यावर पानंच्या पानं खरडली होती. आमच्या कै. आत्याची आठवण झाली. तिला वेळ विचारली तरी ती घड्याळ कुणी दिलं तिथपासून सुरू करायची.

बदल: जुना लॉग पुसला. पातळी थेट सगळ्यात वर नेली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चार दिवस फाइल कोरी. मी खुशीत, की बिघाडच नाही. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, आगीची घंटा वाजली नाही म्हणजे नळ गळत नाही असं असतं का?"

पातळी मधली लावली. फाइल रोज नवी सुरू होईल आणि जुन्या महिनाभर राहतील अशीही सोय केली. प्रत्येक ओळीत वेळ, येणाऱ्याचा पत्ता त्याने कुठलं पान मागितलं, आणि काही फसलं तर का फसलं, एवढंच. पत्ता म्हणजे घराचा नव्हे, इंटरनेटवरचा आकड्यांचा. तासाभरात चोर सापडला. ईमेलचा पासवर्ड मुदत संपून बंद पडला होता. नवा घातला, आणि साचलेले सगळे ईमेल एकदम गेले. संध्याकाळी दुकानात जत्रा. आता आत शिरायला सरळ चालता येतं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, मग एक फोन करून त्याला सांगा ना. त्याचंच तर आहे ते. फोन केला तर हात झिजतो का?"

"त्याचा झिजतो का?" मी म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बिघाड गेला, पण लॉग वाचायची चटक लागली. सकाळी वर्तमानपत्राआधी तोच वाचतो. कोण कुठल्या मशीनची चौकशी करून गेलं ते दिसतं. निळ्या मशीनवाल्या मावशी दिवसातून पाच वेळा बघतात. मशीन त्यांच्याच घरी आहे!

एक गोष्ट मात्र खटकते. एकच पत्ता, रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी. नंबर कधीच घालत नाही. नुसतं पहिलं पान मागतो. थोडं थांबून पुन्हा मागतो. पुन्हा. मी बटण दाबून दुकान उघडं केलं की एकदा मागतो आणि दिवसभर गप्प. आज गुडघा धरला होता म्हणून उशिरा गेलो, तर त्याने तोवर लॉगचं पान भरून ठेवलेलं.

बाईंना दाखवलं. त्या घाईत होत्या. "बॉट असेल काका. माणूस नसतो तो, यंत्र असतं. जगभरातली पानं उघडत फिरतं." मी म्हटलं, मग हे यंत्र माझं दुकान उघडेपर्यंत का थांबतं? "त्यांना काय, कसंही बनवतात," म्हणाल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हिने माझ्या पाठीमागे धाकट्याला फोन केला होता. आज जेवताना कबूल झाली. तो म्हणे मजेत आहे. आवाज बारीक वाटला, पण म्हणाला झोपेतून उठलोय. वर तिला विचारलं म्हणे, "वहिनी, सोमवारी दादाने उशिरा उघडलं ना? गुडघा का?"

घ्या! इकडे फिरकायचं नाही आणि बातम्या मात्र ताज्या. कुणीतरी चुगलखोर गिऱ्हाईक आहे. निळ्या मशीनवाल्या मावशींवर माझा संशय आहे.

ही म्हणाली, "काळजी वाटते म्हणूनच विचारतो."

"काळजी असेल तर चालत यायला रस्ता आहे," मी म्हटलं. भाजी अळणी झाली होती, पण बोललो नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

त्या सकाळच्या यंत्राने लॉगचा निम्मा भाग खाल्लाय. कामाच्या ओळी शोधाव्या लागतात. बाईंकडून गाळणी लावायला शिकलो. ज्या पत्त्याच्या ओळी नकोत तो पत्ता सेटिंगमध्ये घालायचा, की लॉग त्याच्याबद्दल अवाक्षर लिहीत नाही. तो येतो-जातो, पण आपल्याला दिसत नाही.

बदल: सकाळच्या पत्त्याला गाळणी. फाइल कशी स्वच्छ झाली! तेल दिलेल्या मशीनसारखी.

बटणवाला माल द्यायला आला होता. म्हणाला, "तुमचा धाकटा बसथांब्यावर दिसला. मी आधी ओळखलंच नाही. वाळलाय. हातात काठी होती."

मी म्हटलं, चाळिशीतच म्हातारा व्हायची हौस आहे त्याला. बटणवाला दोऱ्याची रिळं मोजत बसला.

दुपारी त्याच्या एप्रनवरची धूळ झटकली. जाळं लागलं होतं म्हणून.

सोमवार, ३ मार्च

यंत्र पुन्हा आलं! वेगळ्या पत्त्यावरून, पण सवय तीच. उघडायच्या आधी टकटक, उघडलं की एकदा बघून गप्प. आता तर आणखी पहाटेपासून सुरू होतं. पत्ता कुणाच्या मालकीचा ते बघायची एक जागा बाईंनी सांगितली होती. बघितलं तर एका इस्पितळाचं नाव. शहराच्या पलीकडच्या टोकाचं मोठं इस्पितळ. म्हणजे त्यांच्या संगणकांना रोग झालाय आणि ते माझ्या दारात येऊन शिंकतायत. माणसांना बरं करणाऱ्यांनी आधी स्वतःची यंत्रं बरी करावीत!

आता मात्र माझं डोकं फिरलं. गाळणी लावून काय उपयोग, पुन्हा नवा पत्ता घेऊन येईल. दारच बंद करायचं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अडवता येईल. अडवलेल्याला काय दिसावं ते वाक्यही तुम्हालाच लिहायचंय." फार विचार करावा लागला नाही.

बदल: इस्पितळाचा पत्ता अडवला. वाक्य घातलं: 'इथे तुमचं काही काम नाही.' त्याच पत्त्याला लॉगमध्येही गाळणी, म्हणजे त्याची कटकट वाचायला नको.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवस लॉग एकदम शांत. सकाळी बटण दाबलं, ओळ टाकली: 'पट्टा सैल झाला तर ओढू नये, बदलावा.' मग उगाच वाट बघत बसलो. कशाची, ते मलाच कळलं नाही. ज्याची कटकट होती तो गेला तर बरं वाटायला हवं होतं.

मंगळवार, ११ मार्च

धाकट्याच्या बायकोचा मिस्ड कॉल. मी शटलच्या टायमिंगमध्ये अडकलो होतो, हात तेलाचे. परत करणार होतो. मग वाटलं, त्याला बोलायचं असेल तर त्याने करावा, बायकोच्या पदराआडून कशाला? ठेवून दिला फोन.

हे हिला सांगितलेलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

काय काय बदललं ते तारीख घालून लिहायचं होतं. लिहितो.

काल सकाळी दुकानातला फोन वाजला. धाकट्याच्या बायकोचाच होता. "दादा, या. आता तरी या." आणि त्या इस्पितळाचं नाव सांगितलं. ते नाव कुठेतरी वाचलंय एवढंच डोक्यात येत होतं. रिक्षात ही रडत होती आणि मी नाव आठवत होतो. फाटकावर पाटी बघितली आणि आठवलं. मी पाटीपाशीच उभा राहिलो. हिने दंडाला धरून नेलं.

तो औषधांच्या गुंगीत होता. इतका लहान दिसत होता की आईच्या मांडीवर मावला असता. नसांचा आजार आहे. हातापासून सुरू होतो. ती म्हणाली, "दुकानात हात हलायला लागले ना, तेव्हापासूनच. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले. दादाने रागवलेलं चालेल, दादाने कीव केलेली चालणार नाही, म्हणाले."

मग तिने पिशवीतून त्याचा फोन काढला. "घरी होते तोवर स्वतः बघायचे. इथे आल्यावर बोटं चालेनात, मग मला लावून द्यायला सांगायचे. डोळे उघडले की पहिला प्रश्न, बघ, दुकान उघडलं का. नाही म्हटलं की थोड्या वेळाने परत. हिरवं आलं की तुमची ओळ वाचून दाखवायची. हसायचे. मगच तोंडात काही घ्यायचे."

मी फोन हातात घेतला. इस्पितळाच्याच वायफायवर होता. पान उघडलं.

'इथे तुमचं काही काम नाही.'

माझ्याच हाताने टाकलेलं वाक्य. त्याच्या फोनमध्ये, त्याच्या उशाशी.

ती हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या दिवशी हे आलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मी म्हटलं, दादांना विचारते, फोन पण केला होता. हे म्हणाले, बिघडलं नाही गं. दादाने ओळखलं मला."

"यंत्र समजलो मी," एवढंच मला म्हणता आलं. "अगं, यंत्र समजलो."

तिला ते काय समजणार? राग असता तर मी झेलला असता. तो नव्हता तिच्याकडे.

त्याचा हात हातात घेतला. आता हलत नव्हता. कानाशी वाकून किती वेळा सांगितलं, ओळखलं नव्हतं रे, मी ओळखलं नव्हतं तुला. ओळखलं असतं तर असं केलं असतं का? डॉक्टर म्हणाले, ऐकू जातही असेल. 'असेल' या शब्दावर माणसाने किती भार टाकायचा?

बुधवार, २६ मार्च

सकाळी ही त्याच्यापाशी थांबली आणि मी दुकानात धावलो. घाईत पासवर्ड तीनदा चुकला. अडवलेला पत्ता मोकळा केला. गाळण्या काढल्या. ते वाक्य पुसलं. बटण दाबलं आणि खाली ओळ टाकली: 'धाकट्या, जुन्या मशीनचं शटल बसत नाहीये. तूच ये.'

मग लॉग उघडून त्याच्यासमोर बसलो. गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, मी मान वर केली नाही. आणि आली. इस्पितळाच्या पत्त्याची एक ओळ आली. पहिलं पान मागितलं, मिळालं. त्या आकड्यांवर बोट ठेवून मी तिथेच रडलो. निळ्या मशीनवाल्या मावशींनी मला पाणी आणून दिलं. मी त्यांच्यावर नको ते संशय घेतले होते.

त्याच्या बायकोने माझी ओळ त्याला वाचून दाखवली म्हणे. दोनदा. भुवई हलल्यासारखी वाटली, असं ही सांगते. माझ्यासाठी सांगते की खरंच हलली, ते मी विचारणार नाही.

गुरुवार, २७ मार्च

पहाटे गेला.

शुक्रवार, ४ एप्रिल

दुकान उघडलं. बाई भेटायला आल्या होत्या. मी बॉट म्हटलं म्हणून झालं, असं म्हणून रडायला लागल्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी त्याला बोट धरून चालायला शिकवलं होतं. दुकान उघडेपर्यंत थांबणारं आणि उघडलं की गप्प होणारं असं दुसरं कोण होतं माझं? मला कळायला नको होतं?

त्यांना एकच विचारलं. तीन मार्चनंतर तो किती वेळा आला होता ते कुठे बघायला मिळेल? रोज यायचा का? हिरवं येईल म्हणून थांबायचा का, की एकदाच वाचून मान फिरवायचा? त्यांनी सगळं तपासलं. नाही मिळणार, म्हणाल्या. कुठेच नाही. लिहू नकोस असं मीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या बायकोला विचारता येईल. पण ते तिला पुन्हा सांगायला लावायची माझी छाती नाही.

एप्रन हिने धुतला. मी परत त्याच खिळ्याला अडकवला.

बदल: सेटिंगमध्ये तळाशी त्याची 'नंतर बघू' ही टिपणी होती, तिच्याखाली लिहिलं, 'बघितलं रे.' बाई म्हणाल्या, टिपणीने काही बिघडत नाही, ॲप ती वाचत नाही.

रविवार, १३ एप्रिल

परवापासून मी संध्याकाळी ते बटण बंद करत नाही. शटर पाडतो, कुलूप लावतो, घरी येतो. पान हिरवंच राहतं.

आज बाईंचा फोन आला. "काका, रविवार आहे, तुमचं दुकान उघडं दिसतंय. लोक उगाच येऊन परत जातील. काही बिघडलंय का? बघू का मी?"

म्हटलं, बिघडलं नाही. दिसू दे.